हिरवा ढेकूण उलटा करून पाहा : नेझारा प्रजाती ओळखण्यासाठी नवशिक्यांना मार्गदर्शन

सोयाबीनच्या शेंगांत दाणे भरू लागले की पानांच्या रंगात मिसळून जाणारा एक चपटा, हिरवा, ढालीच्या आकाराचा कीटक शेतात दिसू लागतो. त्याला बोट लावले की उग्र वास येतो आणि तो वास बराच वेळ बोटांना राहतो. शेतकरी त्याला हिरवा ढेकूण किंवा ढेकण्या म्हणतात. मात्र या एका नावाखाली निदान चार-पाच वेगवेगळे कीटक दाखवले जातात, आणि त्यांतील काहींचा पिकावरील परिणाम अगदी निराळा असतो. हा लेख त्यांपैकी नेझारा या एका प्रजातीविषयी आहे. कीटकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या परंतु भिंग हाती धरण्याची तयारी असलेल्या वाचकाला हा कीटक खात्रीने ओळखता यावा, एवढाच त्याचा हेतू आहे. येथे ‘प्रजाती’ हा शब्द अनेक जातींच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द त्या गटातील एकेका प्रकारासाठी वापरला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या कीटकाचा हिरवा रंग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि ओळखीसाठी तोच सर्वांत कमी भरवशाचा असतो. खरी ओळख त्याच्या शरीराच्या रचनेत, विशेषतः पोटाकडच्या बाजूला आहे. वरून काढलेला एकच फोटो पाहून खात्रीचा निर्णय देण्याची सवय नवशिक्याने लावून घेऊ नये.

नावाविषयी

आपल्याकडे सर्वत्र आढळणारी जाती म्हणजे नेझारा विरिडुला. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा तिला ‘सायमेक्स’ या प्रजातीत ठेवले होते. त्याच प्रजातीत त्याने खाटेतला, माणसाचे रक्त पिणारा ढेकूणही ठेवला होता. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांनी दोघांना ‘ढेकूण’ म्हणण्यात जे साम्य पाहिले तेच लिनियसलाही दिसले होते, आणि ते खरेही आहे, कारण दोघेही सोंडेने रस किंवा रक्त शोषणाऱ्या एकाच मोठ्या गणातले आहेत. पुढे १८४३ मध्ये आम्यो आणि सेरव्हिल या फ्रेंच अभ्यासकांनी नेझारा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. तिच्या बहुतेक जाती आफ्रिकेत आढळतात. विरिडुला ही जाती मात्र माणसाच्या शेतीमागोमाग उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत जगभर पसरली आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, भेंडी, टोमॅटो, कापूस अशा अनेक पिकांवर ती जगते, त्यामुळे कोणत्या पिकावर सापडली यावरून तिची ओळख ठरत नाही.

तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, झाकणाची पारदर्शक डबी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि पांढरे कापड एवढे साहित्य पुरते. पिकाच्या दोन ओळींमध्ये कापड अंथरून त्यावर झाडे वाकवून झटकली की ढेकूण खाली पडतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतात. सकाळची वेळ सोयीची असते, कारण तेव्हा हे कीटक पिकाच्या शेंड्याकडे उन्हाला येऊन बसलेले असतात आणि अंग पुरेसे तापलेले नसल्याने चटकन उडत नाहीत. पकडलेला कीटक डबीसह फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-दहा मिनिटे ठेवला की तो मंदावतो आणि त्याला न मारता चारही बाजूंनी पाहता येते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

पहिली पायरी : कीटक योग्य कुळातला आहे का?

प्रथम पुढचे पंख पाहावेत. ढेकणाच्या पुढच्या पंखाचा मुळाकडचा भाग कातड्यासारखा जाड असतो आणि टोकाचा भाग पातळ पडद्यासारखा असतो. पंख मिटले की हे पडदे एकमेकांवर येतात. भुंग्यांचे पुढचे पंख टोकापर्यंत कडक असतात आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत जुळतात, त्यामुळे हिरवा भुंगा याच टप्प्यावर बाजूला काढता येतो.

त्यानंतर पाठीच्या मध्यभागी असलेली त्रिकोणी ढाल शोधावी. हा त्रिकोण पंखांच्या मुळांमधून सुरू होतो आणि त्याचे टोक पाठीच्या निम्म्याहून पुढे जाते. याच भागामुळे या कीटकांना ढालीचे ढेकूण म्हणता येते. ही ढाल इतकी मोठी असेल की सगळे पोट आणि पंख तिच्याखाली झाकले गेले आहेत, तर तो कीटक बहुधा चकाकत्या रंगांच्या रत्नढेकणांच्या कुळातला असतो आणि नेझारा नसतो.

तिसरी खूण शृंगिकांची आहे. डोक्यावरच्या या दोन मिशांचे भाग भिंगाखाली शांतपणे मोजावेत. प्रौढ नेझाराच्या शृंगिकेत पाच भाग असतात. पेंटाटोमिडी हे कुळाचे ग्रीक मुळाचे नावही या पाच तुकड्यांवरूनच पडले आहे. कापसावरचा लाल ढेकण्या आणि भाताच्या लोंबीवरचा लांबट ढेकण्या यांच्या शृंगिकांत चारच भाग असतात. मोजताना मुळाजवळचा आखूड भाग डोक्याच्या कडेखाली लपतो आणि चार भाग मोजले गेल्याचा भास होतो, म्हणून कीटक थोडा तिरका धरून पुन्हा मोजावे. पिल्लांच्या शृंगिका चार भागांच्याच असतात, त्यामुळे ही खूण फक्त पंख पूर्ण वाढलेल्या कीटकाला लागू पडते.

दुसरी पायरी : पाठीकडून काय दिसते

प्रौढ नेझारा विरिडुलाची लांबी साधारण १२ ते १७ मिलिमीटर असते आणि मादी नरापेक्षा किंचित मोठी असते. डोक्याच्या मागे असलेली रुंद पाटी म्हणजे अग्रवक्षाची पाठ होय. तिचे दोन्ही खांदे बोथट व गोलसर असतात, त्यांना काटे नसतात. संपूर्ण पाठीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात, पण ते पाठीच्याच रंगाचे असल्यामुळे कीटक एकसारखा हिरवा वाटतो.

आता त्रिकोणी ढालीच्या वरच्या, म्हणजे डोक्याकडच्या कडेवर भिंग आणावे. तेथे एका ओळीत तीन लहान पांढुरके ठिपके असतात आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना, ढालीच्या अगदी कोपऱ्यांत, एकेक बारीक काळा ठिपका असतो. पाठीकडून मिळणाऱ्या खुणांमध्ये ही सर्वांत उपयोगी आहे. पांढुरके ठिपके काही कीटकांत फिकट असतात आणि फोटोत हरवतात, म्हणून फोटो काढताना ढालीच्या वरच्या कडेवर नेमके लक्ष द्यावे. शृंगिकांच्या टोकाकडील भागांवर तांबूस तपकिरी पट्टे असतात, आणि पंखांचे पडदे रंगहीन व पारदर्शक असतात.

रंगावर विश्वास का ठेवू नये, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. एकाच जातीत अनेक रंगरूपे जन्मतःच आढळतात. नेहमीचे रूप पूर्ण हिरवे असते. दुसऱ्या रूपात डोक्याचा पुढचा भाग आणि अग्रवक्षाच्या पाठीची पुढची पट्टी पिवळसर पांढरी असते आणि बाकी शरीर हिरवे असते. नवशिके याला हमखास वेगळी जाती समजतात. आणखी एक रूप पिवळ्या अंगावर हिरवे ठिपके असलेले असते, तर एक क्वचित आढळणारे रूप जवळपास सोनेरी नारिंगी असते. ही सर्व रूपे आपापसांत प्रजनन करतात. याशिवाय थंड प्रदेशांत हिवाळा झोपून काढणारे प्रौढ हिरव्याचे तांबूस तपकिरी होतात आणि वसंतात पुन्हा हिरवे होतात. तसेच मेलेल्या आणि वाळवलेल्या नमुन्याचा हिरवा रंग काही काळाने पिवळट तपकिरी पडतो. संग्रहातला जुना पिवळा ढेकूण आणि शेतातला हिरवा ढेकूण यांची रंगावरून तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे.

तिसरी पायरी : कीटक उलटा करावा

मंदावलेला कीटक डबीच्या तळाशी पाठीवर पडू द्यावा आणि पारदर्शक बाजूने त्याचे पोट पाहावे. डोक्याच्या टोकापासून निघालेली सोंड पायांच्या मधून मागे वळलेली दिसेल. तिचे चार भाग असतात आणि ती मागच्या पायांच्या बुडापर्यंत पोहोचते. दिसते ती सोंड केवळ म्यान आहे. तिच्या आत केसांसारख्या चार सुया असतात, आणि आतल्या दोन सुया एकमेकींना चिकटून दोन नळ्या तयार करतात. एका नळीतून लाळ शेंगेत सोडली जाते आणि दुसरीतून पातळ झालेला दाण्यातला रस वर ओढला जातो. शेंग बाहेरून धडधाकट दिसत असताना आतला दाणा सुरकुतलेला किंवा डागाळलेला निघतो, त्याचे कारण हेच आहे.

सोंडेची जाडी लक्षपूर्वक पाहावी, कारण येथे मित्र आणि शत्रू वेगळे होतात. नेझाराची सोंड सडपातळ असते आणि डोक्याच्या खाली असलेल्या दोन बारीक कडांमध्ये तिचा पहिला भाग बसलेला असतो. याच कुळातील काही ढेकूण शिकारी आहेत आणि ते अळ्यांना सोंड खुपसून शोषतात. त्यांची सोंड ठळकपणे जाड असते, तिचा पहिला भाग मोकळा असतो आणि ती सरळ पुढे रोखता येते. आपल्याकडे आढळणारा इओकॅन्थेकोना फर्सेलाटा हा असाच शिकारी ढेकूण आहे. तो तपकिरी असून त्याच्या खांद्यांना टोकदार काटे असतात. ढालीचा आकार पाहून त्याला पिकाचा शत्रू मानणे आणि फवारणी करणे म्हणजे पाने खाणाऱ्या अळ्यांना अभय देणे होय. कीटक न उलटता केलेल्या ओळखीमुळे होणारे हे नुकसान मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून सोंड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता प्रजाती निश्चित करणारी खूण. मधल्या आणि मागच्या पायांच्या दरम्यान, शरीराच्या बाजूला, दोन्हीकडे गंधग्रंथीचे एकेक छिद्र असते. वास येथूनच बाहेर पडतो. त्या वासातील काही अल्डिहाइड संयुगे कोथिंबिरीच्या पानांतही असतात, त्यामुळे काहींना हा वास कुजक्या कोथिंबिरीसारखा वाटतो. छिद्राच्या भोवतीचा पृष्ठभाग चमकदार नसून खरखरीत आणि मंद दिसतो. बाहेर आलेला द्रव तेथे पसरून हळूहळू उडावा, यासाठी तो तसा असतो. छिद्रापासून बाहेरच्या कडेकडे एक उंचवटा जातो. नेझारामध्ये हा उंचवटा आखूड असतो, लहान कानाच्या पाळीसारखा दिसतो आणि त्या भागाच्या मध्यापर्यंतही पोहोचत नाही. दिसायला अगदी सारख्या असणाऱ्या अक्रोस्टर्नम या हिरव्या प्रजातीत तोच उंचवटा लांब, निमुळता आणि बाहेरच्या कडेकडे लांबवर गेलेला असतो. भिंग नीट धरले आणि प्रकाश एका बाजूने तिरका पडू दिला तर हा फरक स्पष्ट दिसतो. समोरून सरळ प्रकाश टाकला तर उंचवट्याची सावली पडत नाही आणि तो दिसत नाही. हे काम पहिल्या दिवशी जमत नाही, आठ-दहा कीटक पाहिल्यावर डोळा बसतो.

पोटाच्या सुरुवातीला, मागच्या पायांच्या बुडांजवळ, मध्यभागी एक लहान बोथट उंचवटाही असतो. काही इतर प्रजातींमध्ये त्याच ठिकाणी पुढे गेलेला लांब काटा असतो. लांब काटा दिसला तर तो कीटक नेझारा नाही.

हमखास गफलत होणारे कीटक

अक्रोस्टर्नमचा उल्लेख वर आलाच. आपल्याकडचा अक्रोस्टर्नम नेझारापेक्षा लहान आणि फिकट हिरवा असतो. जुन्या भारतीय लिखाणात तो नेझारा याच प्रजातीखाली नोंदवलेला आढळतो, त्यामुळे जुने पुस्तक वाचताना नावाने गोंधळून जाऊ नये.

कडधान्यांवर सापडणारा पिझोडोरस हाही लहान असतो, आणि त्याच्या अग्रवक्षाच्या पाठीवर खांद्यांच्या दरम्यान आडवा पट्टा असू शकतो. नेझाराच्या पिवळ्या पट्टीच्या रूपाशी त्याची गल्लत होते. फरक जागेचा आहे. नेझारात फिकट रंग डोक्यावर आणि अग्रवक्षाच्या पुढच्या कडेला असतो, पिझोडोरसमध्ये पट्टा खांद्यांच्या रेषेत असतो, आणि पोटाखाली लांब काटा असतो.

प्लॉशिया ओळखणे सर्वांत सोपे आहे. तिचे डोके, अग्रवक्ष आणि ढाल हिरवी असते, पण पंखांचा जाड भाग तपकिरी असतो, आणि ती सुमारे एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असते.

नेझाराचीच अँटेनाटा ही दुसरी जाती पूर्व आशियात आढळते. जपानच्या काही भागांत ती आणि विरिडुला एकाच प्रदेशात राहतात. दोघींतला विश्वासार्ह फरक पंखांखाली दडलेला असतो. विरिडुलाचे पंख उचलल्यावर पोटाची वरची बाजू हिरवी दिसते आणि अँटेनाटाची काळी दिसते. महाराष्ट्रातल्या शेतात काम करणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडणार नाही. परदेशात राहून निरीक्षणे करणाऱ्या मराठी वाचकाने मात्र तो ध्यानात ठेवावा.

अंडी आणि पिल्ले

प्रौढ एकदा ओळखता आला की त्याच्या बाल्यावस्थांकडे वळावे, कारण पिल्ले प्रौढासारखी मुळीच दिसत नाहीत आणि अनेक जण त्यांना निराळे कीटक समजतात. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिंपाच्या आकाराची फिकट पिवळी अंडी एकमेकांना चिकटवून घालते. एका पुंजक्यात साधारण ३० ते १३० अंडी असतात आणि पुंजक्याचा आकार मधमाशीच्या पोळ्यातील घरासारखा षट्कोनी दिसतो. प्रत्येक अंड्याला वर गोल झाकण असते आणि झाकणाभोवती बारीक पांढऱ्या टोकांचे कडे असते. अंडी उबवण्याची वेळ जवळ आली की ती गुलाबी नारिंगी होतात.

संपूर्ण पुंजका किंवा त्यातील काही अंडी राखाडी काळी पडली असतील तर ती खुडून टाकू नयेत. बहुधा त्यांत परोपजीवी गांधीलमाश्यांची पिल्ले वाढत असतात. या माश्या एखाद्या मिलिमीटरच्या असतात आणि ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालतात. त्यांपैकी ट्रिसॉल्कस बेसालिस ही जाती १९३३ मध्ये इजिप्तमधून ऑस्ट्रेलियात मुद्दाम नेण्यात आली होती आणि तेथे तिने हिरव्या ढेकणाची संख्या कमी करण्यास मोठी मदत केली.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंत पिल्लू पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेच्या शेवटी कात टाकते. पहिल्या अवस्थेतील नारिंगी पिल्ले रिकाम्या अंड्यांवरच दाटीवाटीने बसून राहतात आणि पिकाचा रस शोषत नाहीत. दुसऱ्या अवस्थेत ती काळी होतात आणि शोषू लागतात, पण घोळका सोडत नाहीत. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत शरीरावर पांढरे ठिपके ठळक होतात आणि हिरवा रंग चढू लागतो. पाचव्या अवस्थेतील पिल्लू बहुधा हिरवे असते. त्याच्या पोटावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा व मध्यभागी तांबड्या खुणा असतात, आणि पंखांच्या कळ्या पाठीवर स्पष्ट दिसतात. पिल्लांची गंधग्रंथींची छिद्रे पोटाच्या वरच्या बाजूला, पाठीवर असतात. प्रौढ झाल्यावर तो भाग पंखांखाली झाकला जातो आणि वास सोडण्याचे काम पायांजवळच्या ग्रंथीकडे जाते. म्हणून पिल्लाला उलटून गंधग्रंथीचा उंचवटा शोधू नये. पिल्लू पानासह डबीत ठेवून, शेंगा देऊन प्रौढ होऊ द्यावे आणि मग वरील पायऱ्या कराव्यात. वेळ लागतो, पण खात्रीचा मार्ग हाच आहे.

नर आणि मादी

पोटाचे शेवटचे टोक खालून पाहावे. मादीत तेथे मधोमध उभी चीर असलेल्या जोडपट्ट्या दिसतात. नरात टोकाला एक अखंड वाटीसारखा भाग असतो आणि त्याची मागची कड आत वळलेली असते. जवळच्या जातींमधील वाद शेवटी तज्ज्ञ नराच्या याच वाटीची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सोडवतात, त्यामुळे नमुना जपायचा असेल तर त्यात नर असावा याची काळजी घ्यावी. नर आणि मादी एकमेकांना शोधताना पोट थरथरवून झाडाच्या खोडातून कंपने पाठवतात. सुमारे १०० हर्ट्झच्या आसपासची ही कंपने हवेतून आपल्याला ऐकू येत नाहीत, पण पानावर शांत बसलेल्या नराचे पोट थरथरताना दिसू शकते.

नोंद आणि नमुना

फोटो निदान चार असावेत : पाठीकडून पूर्ण शरीर, ढालीची वरची कड जवळून, पोटाकडून सोंडेसह पूर्ण शरीर, आणि बाजूने तिरक्या प्रकाशात गंधग्रंथीचा भाग. एका फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. रंग टिकत नसल्यामुळे फोटो कीटक जिवंत असतानाच काढावेत. नमुना टाचणीवर लावायचा असेल तर टाचणी त्रिकोणी ढालीच्या मधोमध न खुपसता मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे खुपसावी, म्हणजे पोटाकडच्या मध्यभागातील खुणा शाबूत राहतात. टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक आणि पिकाची अवस्था लिहावी. त्याच चिठ्ठीवर शृंगिकेचे भाग किती मोजले, सोंड बारीक की जाड, गंधग्रंथीचा उंचवटा आखूड की लांब आणि पोटाखाली काटा आहे की नाही, या चार बाबी लिहिलेल्या असाव्यात. त्यांपैकी एखादी पाहायची राहिली असेल तर जातीच्या नावाची जागा कोरी ठेवून फक्त ‘हिरवा ढेकूण’ असे लिहावे.